कंपनीला ‘अगं’ म्हणावे की ‘अहो’?

कंपनी हा शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून तिला सरसकट ‘ती’ म्हणून मोकळे होण्याची चूक, सुज्ञ वाचकहो, कृपया करू नये. कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती आहे, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सालोमन खटल्यात 1896 सालीच ठरवून टाकले आहे. आणि व्यक्ती म्हटली की मानपान आलाच. ‘कंपनीवाले’ हा शब्द तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यामुळे कंपनीत माणसे असतात असा गैरसमज पसरतो.

कंपनीच्या वतीने लिहिण्याचा योग आला, तर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद नीट जाणून घ्यावा. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत ओढते. म्हणून नफा नेहमी ‘आम्ही’ कमवावा आणि कठीण काळाला ‘आपण सगळ्यांनी’ तोंड द्यावे. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी संबोधनही असल्यामुळे पुढच्याच ओळीत ‘आपण उद्यापासून कामावर येऊ नये’ असे लिहिताना शब्दसुद्धा बदलावा लागत नाही.

नोकरकपातीसाठी भावे प्रयोग उत्तम. ‘कंपनीने कर्मचारी काढले’ या वाक्यात क्रियापद निदान कर्मचाऱ्यांच्या मागे तरी जाते. ‘कर्मचाऱ्यांना काढले’ असे म्हटले की ते कर्त्याचे ऐकत नाही आणि कर्माचेही नाही. याहून सोवळे रूप हवे असल्यास ‘मनुष्यबळात कपात झाली’ असे लिहावे, म्हणजे पाऊस झाला तशी कपातही झाली.

माझ्या खात्यातून एका कंपनीने एकच रक्कम दोनदा कापली, तेव्हा उत्तर आले: ‘आपल्या खात्यातून रक्कम दोनदा वजा झाल्याचे निदर्शनास आले आहे. पडताळणी करण्यात येईल.’ क्रियापदे भरपूर, कर्ता औषधालाही नाही. मी मात्र अडाण्यासारखे ‘तुम्ही कापली’ असे लिहून बसलो होतो. ‘रक्कम परत यावी असे वाटण्यात येत आहे’ असे लिहिले असते, तर निदान समान पातळीवर बोलणे झाले असते.

आश्वासने भविष्यकाळातच द्यावीत. तो देईल, ती देईल, ते देईल, सगळे सारखेच, त्यामुळे नेमके कोण देईल हा प्रश्न व्याकरणाला पडत नाही. अकर्मक भूतकाळात मात्र लिंग लपत नाही: कंपनी वाढली, कंपनी बुडाली. तेथे ‘ली’ निःसंकोच लावावे. फक्त त्या वाक्यात भागधारकांना किंवा संचालकांना ओढू नये. कंपनीच्या नावापुढे ‘मर्यादित’ असे लिहिलेले असते, ते भागधारकांच्या जबाबदारीबद्दल असते, काही शोभेसाठी नव्हे. संचालकांचे क्रियापद ‘बुडाले’ नसून ‘निवृत्त झाले’ असे असते, आणि ते आदरार्थी बहुवचन आहे.