बोटांचे ठसे राहू द्या, आधी हजेरीपट बघा

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन. तिला बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात दिलीय. एवढ्या रात्री फोन वाजला की आधी आई-अण्णांचीच काळजी वाटते. तर ही म्हणते, "दादा, इथं कॅम्प लागलाय. लेकरांच्या बोटाचे ठसे घ्यायलेत. त्याच्यावरून कळतंय म्हणं, पोरगं हुशार हाय का नाही ते. साडेतीन हजार मागायलेत. भरू का?"

भाचा चौथीत, झेडपीच्या शाळेत. साडेतीन हजार म्हणजे तिची बारा-तेरा दिवसांची खुरपणी.

या कॅम्पची हवा ज्या मेसेजनं केली तो तोवर माझ्याकडं चार ग्रुपांवरून येऊन पडला होता. भावकीच्या, गावाच्या, दहावीच्या बॅचच्या. आणि सांगायला लाज वाटते, शिक्षकांच्याही, वर एका सरांचे जोडलेले हात. 'झेडपीच्या पालकांनो, जागे व्हा!' असा मथळा. खाली म्हणणं असं: सरकारी शाळेत हुशार मुलांसाठी काहीही नाही. नवोदयच्या (केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या) जागा पैसेवाल्यांच्या. आइन्स्टाईन गणितात नापास झाला होता, रामानुजनला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे खरं हुशार लेकरू झाकून राहत नाही, तुमचं अजून गुरुजींच्या नजरेत भरलं नसेल तर ते साधारणच समजा. खात्री करायची असेल तर दहा वर्षांच्या आत ठसे तपासून घ्या, शंभर टक्के शास्त्रीय.

एकोणीस वर्षं झेडपीत खडू घासतोय. या मेसेजला उत्तर द्यायलाच पाहिजे, पण सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा देणार नाही. सगळे तेवढ्या लायकीचे नाहीत.

ठशांचं आधी उरकतो. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत ठरून जातात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. म्हणून तर पोलिसांना त्या उपयोगी पडतात. मग 'दहा वर्षांच्या आत' ही घाई कशाची? अकराव्या वर्षी ठसे शिळे होतात का? एकसारख्या जुळ्यांचेही ठसे एकमेकांशी जुळत नाहीत. हा सगळा बाजार 'बहुविध बुद्धिमत्ता', म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, या शब्दांवर मांडलेला आहे. तो सिद्धांत १९८३ साली मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनी स्वतः जाहीर सांगितलंय की या ठसाचाचणीला आपली मान्यता नाही. ज्याच्या नावानं दुकान, तोच म्हणतो माल माझा नाही. आणि गंमत बघा, ठसे बघून जे रिपोर्ट देतात तेच वर 'बुद्धी वाढवण्याचा कोर्स'ही विकतात. बुद्धी ठशात कोरलेली असेल तर कोर्स कशाला, आणि कोर्सनं वाढत असेल तर ठसे कशाला?

आइन्स्टाईन गणितात नापास झाला नव्हता. पंधराव्या वर्षाच्या आत त्यानं कॅल्क्युलस संपवलं होतं. पुढे चला.

रामानुजनवर मात्र थांबावं लागेल, कारण त्याचं उदाहरण मेसेजवाल्यांनी नेमकं उलटं धरलंय. गणितापायी बाकीचे विषय सोडले म्हणून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातली त्याची शिष्यवृत्ती गेली. नंतर मद्रासच्या कॉलेजातही एफ.ए.ला, म्हणजे तेव्हाच्या बारावीसारख्या परीक्षेला, तो नापास झाला. पोटाची आबाळ. रामचंद्र राव नावाच्या कलेक्टरांनी महिना पंचवीस रुपये लावून दिले तेव्हा कुठं जरा श्वास घेता आला. मग १९१२ साली पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र गेलं ते १९१३ च्या जानेवारीत, आणि त्याआधी तिकडच्याच दोन गणितज्ञांनी त्याला काही दाद दिली नव्हती. तिसऱ्यानंही पाकीट बाजूला टाकलं असतं तर? तर आज मेसेजात घालायला नावच उरलं नसतं. 'हुशार माणूस आपोआप वर येतो' हे आपण वर आलेल्यांकडे बघूनच म्हणतो. जे आले नाहीत त्यांची नावं आपल्याला कुठून माहीत असणार?

आता मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य. ठशात साडेतीन हजार बुडतात, या वाक्यात लेकरू बुडतं. 'खरं हुशार लेकरू गुरुजींच्या नजरेत भरतंच.'

नाही भरत. आणि हे मी गुरुजी म्हणून सांगतोय.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा मोठा शाळा-जिल्हा आहे. तिथं सरकारी शाळांतच तल्लख मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. त्यात कुणाला घालायचं? पूर्वी पद्धत अशी, की शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवायचं, मग त्या मुलाची बुद्धिमापन चाचणी. म्हणजे आपल्या मेसेजवाल्यांचाच नियम: नजरेत भरलं तर हुशार. २००५ साली त्यांनी ठरवलं, दुसरीतल्या प्रत्येक मुलाची आधी एक सोपी, भाषा न लागणारी, आकृत्यांची चाचणी घ्यायची. निवडीच्या अटी त्याच ठेवल्या, पट्टी जराही खाली केली नाही. फक्त कुणी सुचवण्याची वाट बघायची नाही, एवढाच बदल. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशोब मांडला, तो २०१६ साली छापून आला. तल्लख ठरलेल्या गरीब मुलांचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या समाजातली मुलं १३० टक्क्यांनी, काळी मुलं ८० टक्क्यांनी. (कार्डना पुढे २०२१ साली नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी, पण माणूस आकड्यांत कच्चा नाही एवढं त्यातून कळावं.)

आधीही ती मुलं त्याच बाकावर बसत होती आणि तेवढीच हुशार होती, पण गुरुजींना दिसत नव्हती. पालकांना तर 'नाव सुचवता येतं' हेच माहीत नसणार. नंतर पैशांची तंगी आली, सरसकट चाचणी बंद झाली आणि दरी पुन्हा होती तेवढी झाली.

फ्लोरिडा लांब आहे, मान्य. मग माझ्याच वर्गाचं सांगतो, आणि यात मी काही हिरो नाही.

दरवर्षी शिष्यवृत्तीच्या तयारीला मी चार-पाच पोरं निवडायचो. कोणती? अक्षर बरं, गृहपाठ पुरा, प्रश्न विचारला की हात वर. म्हणजे कोणाची, तर दुकानदाराची, अंगणवाडीताईंची, एक माझ्याच सहकाऱ्याची. एका जूनमध्ये आकृत्यांच्या पानांच्या झेरॉक्स चुकून जास्त निघाल्या, म्हणून सगळ्या वर्गाला वाटल्या. एकवीस लेकरं. वीसपैकी अठरा बरोबर आले ते मागच्या बाकावरच्या एका मुलीचे. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळीबरोबर हीसुद्धा फडावर, पाडव्याच्या सुमाराला परत. वाचताना अडखळायची, कारण वर्षातले पाच महिने शाळाच नाही. तीन वर्षं ती माझ्यासमोर होती. तीन वर्षांत मी तिला एकदाही फळ्यापाशी उभी केली नव्हती.

तिला मागं ठेवा म्हणून घरी जाऊन आलो. हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. आजीला दिसत नव्हतं, धाकट्या भावाला सांभाळायला फडावर कुणीतरी पाहिजे होतं आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घरात आलेली. परीक्षेच्या दिवशी ती हजर नव्हती. आमच्याकडं हुशारी कुठं झाकली जाते ते बघायचं असेल तर भिंग घेऊन बोटं बघू नका, नोव्हेंबर ते मार्चचा हजेरीपट उघडा.

चाचणीही देव नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणी आकृत्यांच्या पानांचाच कॅम्प लावेल. १९२१ साली कॅलिफोर्नियात टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बुद्ध्यांक बघून दीडेक हजार तल्लख मुलं निवडली आणि जन्मभर त्यांचा माग ठेवला. त्या चाळणीत आकडा कमी पडला म्हणून ज्यांना घेतलं नाही, त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ साली. निवडलेल्या दीड हजारांत एकालाही मिळालं नाही.

'सरकारी शाळेत काहीही नाही' हे धडधडीत खोटं. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, आधी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे: घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी किंवा अनुदानित, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. संभाजीनगरला शासकीय विद्यानिकेतन आहे, ते तर खेड्यातल्या हुशार मुलांसाठीच काढलेलं. आणि नवोदय आहेच.

पण इथं मला थोडं गिळावं लागतं. या सगळ्या चाळण्या आहेत. चाळून झालं की नवोदय-विद्यानिकेतनात जाणारी मूठभर पोरं सोडली तर बाकीची पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर. जे लेकरू गणित दोन मिनिटांत सोडवून खिडकीबाहेर बघत बसतं, त्याला पुढची अठ्ठावीस मिनिटं काय द्यायचं, याचं उत्तर माझ्याकडं बहुतेक दिवशी नसतं. दोन वर्ग एकत्र, वर ऑनलाइन माहित्या भरायच्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणात अशा मुलांना जादा साहित्य द्या, मंडळं काढा असं लिहिलंय. छान लिहिलंय. तेव्हा मेसेजवाल्यांना रुपयातले चार आणे देऊन टाकतो. फक्त त्यावर उपाय म्हणून शाई लावलेला अंगठा नको.

राहिलं नवोदय. पैसे देऊन जागा मिळत नाही. अर्ज फुकट. सहावीसाठी एकच संधी, दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण, मराठीतून देता येते. त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, आणि त्यासाठी तिसरी-चौथी-पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. पैसेवाल्यांना फायदा होतो का? होतो. क्लास लावणारे पुढं असतात, आणि शहरात राहून खेड्यातल्या शाळेत नुसतं नाव ठेवणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, काही तर तो मेसेज पुढं पाठवणारेच. पण म्हणून अर्जच करायचा नाही? मग ती जागा आपसूक त्यांचीच. शिवाय परीक्षा येते डिसेंबर-जानेवारीत, ऐन ऊसतोडीच्या हंगामात. अन्यायच शोधायचा तर तो इथं आहे, याच्यावर एकही ग्रुप पेटून उठलेला मी पाहिला नाही.

आणि नवोदय नाही लागलं म्हणजे लेकरू साधारण, असंही नाही. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार. गढीच्या नवोदयमध्ये सहावीला वर्षाला जास्तीत जास्त ८० जागा. तुम्हीच भागाकार करा.

दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन लावला. म्हटलं, ठसेबिसे काही नको. जून-जुलैपासून नवोदयच्या अर्जाकडं लक्ष ठेव, त्याच्या बाईंना जाऊन भेट, आकृत्यांची पानं मी पाठवतो, रोज दोन सोडवू दे. आणि नाही लागलं तर मारू नकोस.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "पाचशे रुपये आगाव दिलेत दादा."

"ते गेले समज."

"आन् त्यांनी दप्तर दिलंय लेकराला, नवं. ते परत मागतील का रं?"