बालवाचकांशी सुरक्षित अंतरावरून नाते कसे जोडावे

बडोद्यात राहून मराठीत मुलांसाठी पुस्तके लिहिण्याचा निर्णय आपण घेतलाच असेल, तर बालवाचकांशी नाते जोडण्याचे कामही आपल्याच गळ्यात पडणार आहे, कारण हल्ली प्रकाशकाला हस्तलिखिताबरोबर लेखकाचा उत्साहही लागतो. घाबरून जाऊ नये. प्रत्यक्ष मुलाशी फारसा संबंध येऊ न देता हे नाते उत्तम जोडता येते, आणि त्यासाठी मधे उभी राहणारी माणसे या शहरात मुबलक आहेत.

त्यांतले पहिले म्हणजे आजोबा. आपल्या पुस्तकाचे खरे गिऱ्हाईक तेच. नातू इंग्रजी शाळेत जातो, सोसायटीच्या आवारात गुजरातीत भांडतो आणि मराठी बोलतो ती जेवायला बसल्यावर. देवनागरी त्याला वाचता येते ती शाळेतल्या हिंदीच्या कृपेने. दांडिया बाजारात राहणाऱ्या आजोबांना याची खंत असते आणि त्या खंतीपोटीच ते पुस्तक विकत घेतात. मात्र घेण्यापूर्वी ते शेवटचे पान उघडून तात्पर्य कुठे आहे ते पाहतात, म्हणून तात्पर्य ठळक अक्षरांत छापवून घ्यावे. गोष्ट त्याच्या आधी कुठेतरी असली म्हणजे झाले. घरी गेल्यावर पुस्तकाला खाकी कव्हर घातले जाते, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटते आणि ते काचेच्या कपाटात वरच्या फळीवर जाते, जिथे नातवाचा हात पोचत नाही. लेखकाला याहून निर्धास्त जागा मिळणे कठीण, कारण न वाचलेल्या पुस्तकाबद्दल आजवर कोणाही मुलाने तक्रार केलेली नाही.

मग समारंभ येतात. भाषणात सयाजीराव महाराजांना स्मरावे, आणि तेही सविस्तर. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातून सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, १९०६ मध्ये तो राज्यभर नेला, १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले, पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी पाठवली आणि सयाजी बालज्ञानमालेतून गुजराती व मराठी दोन्ही भाषांत मुलांसाठी पुस्तके काढली, एवढे सांगितले की सभागृहातील माना आपोआप डोलू लागतात. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतील काचेच्या फरश्यांचा उल्लेखही चालेल. परंतु त्याच लायब्ररीत मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढला होता, हे शक्यतो बोलू नये. श्रोत्यांतून कोणी उठून आपल्या मंडळाच्या वाचनालयातले बालविभागाचे कपाट कुलूपबंद का असते आणि किल्लीवाले चिटणीस नेमके कधी येतात, असे विचारले, तर चहा लांबतो. २०१८ च्या बडोद्यातील साहित्य संमेलनाचे ओळखपत्र जपून ठेवले असेल तर ते मात्र गळ्यात घालावे. त्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

शाळाभेट टाळता येत नाही. निदान ती कशी पार पडते हे आधी समजून घ्यावे. मुले सकाळपासून हॉलमध्ये मांडी घालून बसवलेली असतात. दीपप्रज्वलन होते, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने तीनदा विझलेली वात मुख्याध्यापिका बाई चौथ्यांदा लावतात आणि शिपाई पंखा बंद करायला धावतो. मग आपला परिचय होतो. त्यात आपली पुस्तके आपल्याला माहीत आहेत त्याहून जास्त निघतात, ती दुरुस्त करू नयेत. शाल आणि श्रीफळ घेताना चेहरा फोटोग्राफरकडे ठेवावा, मुलांकडे नव्हे. प्रश्नोत्तरांची भीती बाळगण्याचे कारण नाही. ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ हा प्रश्न बाईंनी आदल्या दिवशी एका हुशार मुलीकडून पाठ करून घेतलेला असतो, आणि तिने तो धडाधड म्हटला की आपणही आपले पाठ केलेले उत्तर द्यावे. दोघांचीही इज्जत राहते.

धोका असतो तो मागच्या रांगेत. समजा, आपण कमाटीबागेतल्या संग्रहालयातील देवमाशाच्या सांगाड्यावर गोष्ट लिहिली आहे. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहत आलेला तो देवमासा रात्री जिवंत होतो, बागेतल्या छोट्या आगगाडीत बसतो, आणि शेवटी वडीलधाऱ्यांचे ऐकावे असे तात्पर्य निघते. सगळे व्यवस्थित असते. एवढ्यात कोणीही न शिकवलेला एक मुलगा हात वर न करताच विचारतो, ‘‘काका, पण एवढा मोठा मासा दरवाज्यातून आत आणला कसा?’’ शेजारचा लगेच म्हणतो, ‘‘अरे, हाडं सुटी करून आणली असतील.’’ यावर तिसरी उठते: ‘‘मग जोडताना एखादं हाड उरलं असेल तर?’’ पाहता पाहता हॉलभर कलकलाट होतो, उरलेल्या हाडाचे काय केले असेल यावर गट पडतात, तात्पर्य कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि आपल्यालाही क्षणभर खाली बसून त्यांच्याबरोबर ते हाड शोधावेसे वाटू लागते. हा मोह निकराने आवरावा. ‘छान प्रश्न आहे’ एवढेच म्हणून बाईंकडे पाहावे. त्या डस्टर टेबलावर आपटतात आणि आभारप्रदर्शनाला सुरुवात होते.

घरी आल्यावर मात्र प्रकाशकाला तातडीने फोन करावा आणि पुढच्या आवृत्तीत देवमाशाच्या जागी पोपट घालण्यास सांगावे. पोपट कोणत्याही दरवाज्यातून आत येऊ शकतो.