लाळेतून कुलदैवत कळत नाही

'लाळेचा एक नमुना द्या. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, वडील खरे की नाही, सगळं कळेल. जुने कागद धुंडाळायची गरज नाही,' असा संदेश गोव्यातल्या कुटुंबांत फिरतो आहे. कागद सोडण्याचा सल्ला त्यात सर्वांत घातक.

अहवालात मूळ कुठलं हे सांगणारी टक्केवारी येते. ती म्हणजे कंपनीच्या संग्रहातल्या आजच्या माणसांशी केलेली तुलना. संग्रह बदलला की आकडे बदलतात. सख्ख्या भावंडांचेही वेगळे येतात, कारण आईवडिलांकडून प्रत्येकाला येणारा अर्धा वाटा निराळा असतो. मंगेश हा देव कुठ्ठाळीहून प्रियोळला आला १५६० साली. तेव्हापासून सोळा पिढ्या धरल्या तर त्या थरात पूर्वजांच्या ६५,५३६ जागा होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा एक तुकडाही आज तुमच्या डीएनएत नसतो.

गोत्र तर रक्तात नसतंच. दत्तक गेलेल्याचं बदलतं, लग्नानंतर मुलीचं बदलतं. आडनावही तसंच: बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लागत असे, त्यामुळे फर्नांडिस म्हणजे पोर्तुगीज रक्त, हे अनुमान चूक आहे.

पितृत्व डीएनए नीट सांगतो, पण तुमच्या एकट्याच्या लाळेतून नव्हे. त्या पुरुषाचाही नमुना लागतो. आईचा मिळाला तर निकाल पक्का होतो. एखाददुसरी विसंगती उत्परिवर्तनामुळे, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलामुळेही येते. संशय दोन सख्ख्या भावांवर असेल तर प्रयोगशाळेला आधीच सांगा, नाहीतर काका बाप ठरू शकतो. न्यायालयही अशी चाचणी सरसकट लावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९३ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आता कागद. तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयातून जन्मनोंदीचा पूर्ण उतारा, म्हणजे तेओर, काढा. जुन्या नोंदींत आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावंही सापडतात. त्या नावांवरून मागची नोंद, मग तिच्या मागची. शोध अडतो तो बहुधा लेखनावर: पोर्तुगीज लिपिकाने 'श' एक्सने लिहिलेला असतो, शेणवीचा सिनाई झालेला असतो. आडनावावर सापडलं नाही तर पहिल्या नावावर शोधा.

मग देवस्थानाची महाजनांची, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या सभासदांची, यादी बघा आणि गावच्या कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, गांवकारांची (मूळ घराण्यांतल्या सभासदांची) वही. वहीत वांगडानुसार, म्हणजे कुळांच्या गटांनुसार, घराणी मिळतात, बाटलेली आणि न बाटलेलीही. पण ती पुरुषांच्या वंशाने चालते. आजीचं माहेर तिथे मिळणार नाही; त्यासाठी तिच्या लग्नाची नोंद काढावी लागते, किंवा ख्रिस्ती घर असेल तर तिच्या माहेरच्या इगर्जीतली (चर्चमधली) बाप्तिस्म्याची वही.