हत्तीच्या डब्यात दोन चिठ्ठ्या

आत्याचा फोन सकाळी सातला आला की कुणीतरी गेलं असं समजायचं. परवा नागपूरच्या इंदोऱ्याहून फोन. "काऊन रे बाबू, बाबासाहेबाले आपल्याच लोकायनं पाडलं म्हंते, खरं हाय का?" कुणी गेलं नव्हतं. फॉरवर्ड आला होता.

तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल. म्हणे १९५२ साली बाबासाहेब 'मुंबई उत्तर'च्या राखीव जागेवर उभे होते, राखीव म्हणजे मतदार फक्त दलित, म्हणून दलितांनीच त्यांना पाडलं. शिवाय त्यांची ७४ हजार मतं मोजणीत गायब केली. पाडणारा त्यांचाच पीए. आणि त्यानंतर संसदेचं दार त्यांना कायमचं बंद. म्हणजे लोकांनी मतं दिलीच नाहीत आणि दिलेली मतं चोरीलाही गेली. लिहिणाऱ्यानं निदान स्वतःची पोस्ट तरी वाचायची.

मतदारसंघाचं नाव 'मुंबई शहर उत्तर'. आजच्या मुंबई उत्तरशी त्याचा संबंध नाही. उपनगराची जागा तेव्हा वेगळी होती. हा शहराचा उत्तर भाग, परळ-दादरकडचा गिरणगाव. १९५७ साली याच नावाच्या जागेवरून कृष्ण मेनन निवडून आले, त्यामुळे नावावरून फसणारे बरेच. ते एक वेळ माफ.

"मतदार फक्त दलित" हे मात्र माफ नाही. पुणे करार १९३२ सालचा. तेव्हापासून राखीव जागेला उमेदवार अनुसूचित जातीचा, मतदार सगळे. त्यातून हा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक मोजायची, दुसरी बाद.

हे फोनवर समजावून सांगता येईना, म्हणून संध्याकाळी इंदोऱ्याला गेलो. ओट्यावर चार डबे मांडले आणि कागदावर चिन्हं काढून चिकटवली: बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचं झाड, काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचं कणीस-विळा. (काँग्रेसचे उमेदवार दोन, म्हणजे डबे पाच हवे होते, पाचव्यात डाळ होती.) आत्याच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या. तिनं क्षणभरही विचार न करता दोन्ही हत्तीच्या डब्यात टाकल्या.

"आत्या, एक बाद."

"बाद काऊन? दोन्ही बाबासाहेबालेच हायेत ना!"

आता निवडणूक आयोगाच्या पहिल्या निवडणुकीच्या अहवालातले आकडे बघा. काँग्रेसचे वि. बा. गांधी पहिले, १ लाख ४९ हजारांवर. समाजवादी अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे राखीव जागेचे उमेदवार नारायण काजरोळकर १ लाख ३८ हजारांच्या आसपास. बाबासाहेब १,२३,५७६, चौथे. काजरोळकरांपेक्षा जास्त मतं मिळवून मेहता पडले, कारण दुसरी जागा राखीव होती.

मेहता आणि बाबासाहेब यांची युती होती. तरी दोघांच्या मतांत १६,१६५ चा फरक. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्या किमान तेवढ्या लोकांनी दुसरं मत बाबासाहेबांना दिलं नाही. आणि बाबासाहेब पडले किती मतांनी? सुमारे साडेचौदा हजार. "आपल्याच लोकायनं" म्हणणाऱ्यांनी ही एवढी वजाबाकी करून बघावी. गळती काँग्रेसलाही लागली होती. काजरोळकरसुद्धा गांधींच्या सुमारे ११ हजार मागे आहेत. दोन्हीकडे मागे पडला तो राखीव जागेचाच उमेदवार.

७४ हजारांचं मान्य करावं लागतं, थोडं. ७४,३३३ हा आकडा हवेतला नाही. एवढ्या मतपत्रिका बाद झाल्याची तक्रार खुद्द बाबासाहेब आणि मेहतांनी केली होती. पण बाद झालेली सगळी मतं बाबासाहेबांचीच होती हे कुणी ठरवलं? आणि त्या तक्रारीचा खटला कायद्याच्या पुस्तकांत 'आंबेडकर विरुद्ध डांगे' या नावानं आहे. डांगे तिथले कम्युनिस्ट उमेदवार. आरोप मतं कुजवण्याच्या, म्हणजे दुसरं मत वाया घालवा असं सांगण्याच्या, प्रचाराचा होता, मोजणीतल्या चोरीचा नव्हे. अर्ज फेटाळला गेला.

काजरोळकर एका फॉरवर्डमध्ये पीए असतात, दुसऱ्यात दूधवाले. आधी आपसांत ठरवून घ्या. ते मुंबईतले काँग्रेसचे जुने कार्यकर्ते. आणि संसदेचं दार? बाबासाहेब १९५२ सालीच राज्यसभेवर गेले आणि शेवटपर्यंत सदस्य होते.

१९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, आणि ती तर आपल्या बाजूची. तिथंही दोन जागा. मेहता निवडून आले, बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पडले. नागपुरातली जुनी माणसं सांगतात, कार्यकर्त्यांनी सुचवलं होतं की दुसरं मत कुजवायला सांगू. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. गिरणगावात मात्र १९५७ ला 'मुंबई शहर मध्य'च्या दोन जागांवर डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ माने जोडीनं निवडून आले, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत. दोन जागांची ही पद्धत १९६१ साली कायद्यानं बंद झाली.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. हत्तीच्या डब्यातून एक चिठ्ठी काढली, झाडाच्या डब्यावर धरली, बराच वेळ धरून ठेवली. मग माझ्याकडे बघत परत हत्तीतच टाकली.