२४ व्होल्टचा बॅरिअर सगळ्याच फ्लो मीटरना चालत नाही
‘२४ व्होल्टचा झेनर बॅरिअर घ्या, कुठल्याही फ्लो मीटरला चालतो’ असा मेसेज बुटीबोरी-हिंगण्यात (नागपूरच्या औद्योगिक वसाहतींत) फिरतोय. हे चूक आहे, आणि ज्वलनशील सॉल्व्हंटच्या टाकीपाशी जिवावर बेतणारं आहे. झेनर बॅरिअर म्हणजे धोक्याच्या जागेतल्या मीटरकडे ठिणगी पडण्याइतकी वीज जाऊ न देणारं उपकरण.

बॅरिअरचे कमाल व्होल्टेज, करंट, पॉवर मीटरच्या सर्टिफिकेटवरच्या मर्यादेत बसलेच पाहिजेत. केबलची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स, म्हणजे केबलमध्ये साठणारी ऊर्जाही धरा. बहुतेक जण नेमकं तेच विसरतात.

मग लूपचं, म्हणजे मीटरचा सिग्नल करंटच्या रूपात नेणाऱ्या सर्किटचं, गणित. २० मिलिअँपला ३०० ओहमचा बॅरिअर ६ व्होल्ट खातो, सिग्नल वाचणारा २५० ओहमचा रेझिस्टर ५. सप्लायच्या २४ पैकी उरले १३. मीटरला १४ लागत असतील, तर फ्लो कितीही वाढो, करंट २० पर्यंत पोचतच नाही.

झेनरला १ ओहमच्या आतलं वेगळं अर्थिंग लागतं. ते नसेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटरच (दोन्ही बाजूंची सर्किटं विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारं उपकरण) घ्या.