‘दहा बैठकांत लकवा बरा’: या मेसेजमध्ये खरं किती?

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय: ‘लकवा झालेल्याच्या डोक्याला चुंबकाचे किंवा विजेचे सौम्य झटके द्या. दहा बैठकांत हात चालतो, फिजिओथेरपी नको, धोका शून्य. घरी ९ व्होल्टच्या बॅटरीवरही जमतं.’

दहा बैठकांत हात चालतो?
अमेरिकेत १९९ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बैठका १८. हाताचे व्यायाम सगळ्यांकडून करून घेतले. चुंबकाची कॉइल (डोक्यावर धरायचं तारेचं वेटोळं) काहींना खरी लावली, काहींना नुसती दाखवायला. खऱ्या कॉइलवाल्यांत ६७ टक्के सुधारले, खोट्यावाल्यांत ६५. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपसूकच सर्वाधिक सावरतो. पाचपाखाडीतल्या कुणाचा हात दुसऱ्या महिन्यात उठला, तर श्रेय कुणाचं? चुंबकाचं हे तंत्र थोतांड नाही, नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ पासून मान्यता आहे. लकव्यात मात्र तेवढा भक्कम पुरावा नाही.

फिजिओथेरपी नको?
साफ उलटं. कॉइल काढल्या काढल्या तासभर हाताकडून काम करून घ्यायचं असतं: पेला उचलणं, बटण लावणं. घोडबंदरहून वाशीला नेऊन, कॉइल लावून, दमलेल्या माणसाला तसंच परत आणणार असाल तर पैसे पाण्यात.

धोका शून्य?
फिट क्वचितच येते, पण येऊ शकते. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (कानात ऑपरेशनने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र), पेसमेकर, पूर्वीची फिट, चालू गोळ्या, ऑपरेशनमध्ये काढलेलं कवटीचं हाड, हे कुणी विचारलंच नाही तर तिथून उठा.

बॅटरीवर घरी?
सर्वांत घातक सल्ला हाच. विजेच्या उपचाराचं यंत्र प्रवाह १ ते २ मिलिअँपिअरवर धरून ठेवतं, साधारण २० मिनिटं. बॅटरी व्होल्टेज धरते, प्रवाह नाही: रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) ४,५०० ओहम असेल तर २ मिलिअँपिअर, कातडी भिजून तो ३,००० वर उतरला की ३. डोक्यावर वीज पोचवणारा, मिठाच्या पाण्यात भिजवलेला ३५ चौरस सेंटिमीटरचा स्पंज वाळला किंवा एका कोपऱ्यावरच टेकला, तर सगळा प्रवाह तेवढ्याच जागेतून जातो आणि कातडी भाजते. लकव्यात संवेदना गेलेल्या माणसाला ते कळत नाही, वाचा गेलेल्याला सांगता येत नाही.

डोक्यावर कुठे लावायचं, त्या जागेचंही तसंच. एका कानापासून दुसऱ्यापर्यंत टाळूवरून ३५ सेंटिमीटर भरले, तर मेंदूतला हात हलवणारा भाग मध्यापासून ७ सेंटिमीटरवर, तोही विरुद्ध बाजूला: उजवा हात लुळा तर डावीकडे. घरी लावताना लुळ्या हाताच्याच बाजूला लावायची चूक सहज होऊ शकते.