‘सगळे लाड’ म्हणणाऱ्या वाचकास

‘अनामित’ यांस,

लीश (गळ्यातली दोरी) ओढणाऱ्या टेरियर कुत्र्याला आवरण्याविषयीच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘हे सगळे लाड आहेत. खाऊ दाखवून बोलावलेला कुत्रा खाऊ संपला की ऐकत नाही. लीशला दोन कडक झटके द्या, आठवड्यात सुतासारखा सरळ येईल. भुंकणं आणि उकरणं यावर एक ओळ नाही. आणि दहा मीटरची दोरी काय रस्त्यावर वापरायची?’

दोरीबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. लांब दोरी मोकळ्या मैदानातच वापरायची, तीही कॉलरला न लावता हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला. रस्त्यावर दीड-दोन मीटरची साधी लीश पुरते. हे लेखात राहून गेलं होतं, आज घातलं.

पण ‘लाड’ हा शब्द मला झोंबला. सतरा वर्षं माझ्या घरात टेरियर आहेत, सध्याचा चौथा. असं एका शब्दात झटकून टाकायला लेख निदान शेवटपर्यंत वाचलेला असावा लागतो, आणि तुम्ही तो वाचलेला नाही. कारण ‘खाऊ दाखवून’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

क्रम पुन्हा सांगते. आधी ‘ये’, एकदाच. मग कुत्रा वळतो. त्यानंतर तुमचा हात खिशाकडे जातो. हात आधी हलला तर कुत्रा शब्द शिकतच नाही, हात शिकतो. आणि मग खिसा रिकामा असला की तो येत नाही. तुम्ही म्हणता ते तेवढ्यापुरतं खरं, पण तो दोष खाऊचा नाही, हाताच्या घाईचा आहे.

सुरुवात घरात, शांत खोलीत. वाटाण्याएवढे दहा-बारा तुकडे, तीन-चार मिनिटं, आणि थांबायचं. चार-पाच दिवसांनी तुकडे खिशातून काढून फळीवर ठेवायचे: कुत्रा आला की शाबासकी देत दोघांनी फळीपर्यंत जायचं. मग कधी खाऊ, कधी दोरखंडाची ओढाओढ, कधी ‘जा, हुंग’ म्हणून सोडून देणं. टेरियरला झुडपाखाली नाक खुपसायची परवानगी पुष्कळदा तुकड्याहून मोठी वाटते. बिघडतं कुठे? ‘ये, ये, ये’ म्हणत राहिल्याने, आणि आला की लगेच लीश अडकवून घरी नेल्याने. दहा हाकांपैकी आठ वेळा हार्नेस हातात धरायचा, तुकडा द्यायचा आणि परत सोडायचं. मग ‘ये’ म्हणजे मजा संपली, असं त्याच्या डोक्यात बसत नाही.

हाक कधी मारायची, हेही लेखात आहे. मांजर दिसलं की आधी कान ताठ होतात, शेपूट थांबते, वजन पुढच्या पायांवर येतं आणि धापा टाकणारं तोंड पटकन मिटतं. तोंड मिटायच्या आत हाक मारली तर तो वळतो. मिटल्यावर नाकाशी मांस धरलं तरी कित्येकदा घेत नाही. तेव्हा हाका न मारता लीश आखूड धरून त्याच्यासह वळायचं आणि अंतर वाढवायचं.

आता तुमचे झटके. इंग्लंडमधल्या डेव्हनचे धर्मगुरू जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी टेरियर जोपासले ते बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढण्यासाठी. मालक वर, कुत्रा अंधारात एकटा, समोर दात. दुखलं म्हणून मागे फिरणारा कुत्रा त्या कामाचा नव्हता. अशा रक्ताच्या कुत्र्याला ऐन भरात झटका दिला की तो थांबत नाही, आणखी चेकाळतो. आणि समोर दुसरा कुत्रा असेल तर तो दिसला की मान दुखते, एवढंच शिकतो. मग लांबूनच अंगावर धावून जातो. शिवाय मानेवर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो, आणि कित्येक टेरियर जातींत डोळ्यातलं भिंग सरकण्याचा आनुवंशिक आजार असतो. सहा किलोच्या जिवाची मान आहे ती. ‘दोन कडक झटके’ इतक्या सहज लिहिण्याआधी हा विचार करायला हवा होता.

उकरण्यासाठी फूटभर वाळू भरलेली पेटी, त्यात पुरलेलं खेळणं, आणि दुसरीकडे उकरू लागला की मुकाट्याने तिथे नेणं. भुंकण्यावर स्वतंत्र लेख लिहीन. या लेखाचा विषय ओढणं हा होता, शीर्षकातच होतं.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा, आणि तुमचा कुत्रा किती वयाचा आहे, कशाकडे ओढतो, तेही सांगा. मग नेमकं उत्तर देता येईल.